जड मोटरींचा ठराव

निरीक्षकांची सगळी नोकरी दुसऱ्यांचे तराजू तपासण्यात चालली होती. वजनमापे खात्यात माणूस मुरला की त्याची एक खात्री होऊन बसते. चूक असते ती कायम समोरच्याच्या काउंटरवर असते. आपण फक्त वाकून बघायचं, चष्मा नाकावर खाली घ्यायचा आणि आवाज न चढवता विचारायचं, "हे काय आहे?" हा प्रश्न विचारण्यात निरीक्षकांचा हात धरणारा खात्यात कोणी नव्हता. तो स्वतःला विचारायची वेळ त्यांच्यावर आली नव्हती, कारण खात्यात तशी पद्धतच नव्हती.

इमारतीत सगळे त्यांना निरीक्षक म्हणत. घरी बायको एरवी 'अहो' म्हणायची आणि रागावली की तीही 'निरीक्षक' म्हणायची.

मुलीने घरांच्या आतल्या सजावटीचं शिक्षण घेतलं होतं आणि फर्निचर बनवणाऱ्या एका कंपनीने तिला चाचणीचं काम दिलं होतं. संगणकावर एक आख्खं घर उभं करायचं, त्यातून फिरून आल्यासारखी चित्रफीत बनवायची आणि महिनाअखेरच्या आत पाठवायची. पसंत पडली तर नोकरी. अडचण एवढीच, की घरातला संगणक म्हातारा झाला होता. मुलीने बांधलेल्या घरात शिरलं की आधी नुसतं पांढरं दिसायचं, मग सोफा हवेत तरंगत यायचा आणि भिंती मागाहून सावकाश उगवायच्या.

"यात नवीन ग्राफिक्स कार्ड टाकलं तर भागेल," मुलगी म्हणाली. तिने ते आपल्या पैशांनी मागवलंही. "दुकानाचा माणूस येऊन बसवून देणार आहे."

"माणूस कशाला?" निरीक्षक म्हणाले. "मी काय भिंतीवरचा फोटो आहे?"

"बाबा, तुम्ही कधी संगणक उघडलाय का?"

"सोन्याचा काटा उघडतो मी. केसाच्या वजनाने हलणारा. हा तर पत्र्याचा डबा आहे."

खरं सांगायचं तर त्यांना वाईट वाटलं होतं. पोर मोठी झाली, स्वतःच्या पैशांनी वस्तू आणायला लागली, आणि आता ती बसवायलाही बाहेरचा माणूस येणार. म्हणजे बापाने करायचं तरी काय? त्यांनी दुकानाला फोन करून माणूस रद्द केला आणि रविवारी सकाळी बाह्या सरसावून बसले.

शस्त्रक्रियेची तयारी म्हणावी अशी तयारी झाली. स्वयंपाकघरातल्या सगळ्या वाट्या आल्या, कारण प्रत्येक स्क्रू वेगळ्या वाटीत ठेवायचा होता. बायकोला फोडणीचं सामान ताटलीत घ्यावं लागलं. कार्ड खोक्यातून बाहेर निघालं तेव्हा निरीक्षक क्षणभर बघतच राहिले. दोन काळे पंखे, वर चकचकीत अंग. अंगावरच्या पारदर्शक वेष्टनावरून त्यांनी हळूच रुमाल फिरवला, फुंकर मारली आणि कार्ड खाचेत दाबून बसवलं. शेवटी एक स्क्रू उरला. कारखानेवाले एखादा जास्तच देतात, असं म्हणून त्यांनी तो खिशात टाकला.

संगणक सुरू झाला. मुलगी घरात शिरली, म्हणजे संगणकातल्या, आणि सोफा जमिनीवर होता. भिंती आधीपासून हजर होत्या. खिडकीतून ऊन आत पडत होतं. मुलगी वळून हसली. निरीक्षकांनी हात पाठीमागे बांधले आणि "हं" एवढंच म्हटलं. त्या 'हं'साठी त्यांनी आख्खा रविवार घालवला होता आणि तो वसूल झाला होता. संध्याकाळी जिन्यात भेटेल त्याला ते थांबवून सांगत होते, की आजकाल लोक उगाच माणूस बोलावतात.

सोमवारी दुपारी संगणक बंद पडला.

काही सूचना नाही, काही कुरकुर नाही. मुलीने चित्रं तयार करायला लावली, पंखे जोरात फिरायला लागले, थोडा वेळ गेला आणि पडदा काळा. सकाळपासून रचलेला आख्खा दिवाणखाना गेला. पुन्हा सुरू केला तर शहाण्यासारखा सुरू झाला, आणि पुन्हा काम लावल्यावर पुन्हा बंद.

निरीक्षक कार्यालयातून आले आणि त्यांनी वाकून बघितलं. चष्मा नाकावर आला. "हे काय आहे?" त्यांनी मुलीला विचारलं. पडद्यावर उघडलेल्या खिडक्यांकडे बोट होतं. "एका वेळी इतकं उघडून बसतेस. त्याला श्वास घ्यायला जागा नको का?"

मुलीने सगळं मिटवलं. दुसऱ्या दिवशी नुसतं घर उघडलं. तरी बंद. मग निरीक्षक म्हणाले, की तिने मैत्रिणीकडून काहीतरी आणून यात घातलं असणार. मुलगी काही बोलली नाही. ती पहिल्यापासून दिवाणखाना रचायला बसली, आणि तिचं ते काही न बोलणं निरीक्षकांना उद्धटपणा वाटलं. हे पुढे त्यांना फार वेळा आठवणार होतं.

बातमी इमारतीत पसरली आणि सल्ले यायला लागले. तळमजल्यावरचे दातांचे डॉक्टर दवाखाना बंद करून वर आले. त्यांनी टॉर्च पेटवून संगणकाच्या तोंडात बघितलं आणि सांगितलं, की मुळातच कीड असेल तर वरून भरून उपयोग नाही, सरळ काढून टाका. समोरचे निवृत्त कॅशियर म्हणाले, की यंत्र एका जागी बसून आळसतं, त्याची जागा बदला. म्हणून संगणक बेडरूममध्ये गेला, तिथून बाहेरच्या खोलीत आला, आणि मग फ्रिजशेजारी. मुलगी ओट्याला पाठ लावून घर रचायला लागली आणि बायको भाजी चिरायला बेडरूममध्ये गेली. धूळ जात असेल या संशयाने निरीक्षकांनी त्यावर जाड चादर टाकली. त्या दिवशी तो नेहमीपेक्षा लवकर बंद पडला.

"चादर काढा," मुलगी म्हणाली. "गरम होत असेल."

"मुळातच काहीतरी बाहेरून येतंय," निरीक्षक म्हणाले. हे वाक्य बोलल्याबरोबर त्यांना हायसं वाटलं. बाहेरून. कित्येक दिवस ते याच शब्दाच्या शोधात होते.

आणि तेवढ्यात वरून आवाज आला. घर्रर्र.

वरच्या मजल्यावर शिवणकाकू राहायच्या. एकट्या. शाळेचे गणवेश शिवून त्यांचं चालायचं, आणि शिलाईयंत्राला त्यांनी विजेची मोटर बसवून घेतलेली होती, कारण गुडघ्यांनी कधीच रजा मागितली होती. मोटरचा आवाज पूर्वीही येत असे. पण पूर्वी निरीक्षकांना त्याची गरज नव्हती. आता ते पाळत ठेवायला लागले. रजा काढून घरी बसले. वर घर्रर्र झालं, खाली पडदा काळा. पुन्हा घर्रर्र, पुन्हा काळा. विजेचा दाब खालीवर होतो, दुसरं काय. असा सरळ पुरावा त्यांना नोकरीतही क्वचित मिळाला होता.

"बाबा," मुलगी म्हणाली, "काकू दिवसभर शिवतात. संगणक केव्हाही बंद पडला तरी वर मशीन चालूच असणार."

"तेच तर मी म्हणतोय."

"तुम्ही ते म्हणत नाही आहात."

पण गुन्हेगार हाती लागल्यावर निरीक्षक वादात पडत नसत. त्यांनी सेक्रेटरींना गाठलं. इमारतीचे सेक्रेटरी म्हणजे शक्यतो टाळावा असा माणूस. कुठलाही विषय त्यांना इतिवृत्तात बसला की आवडायचा आणि बसला नाही की दिसायचाच नाही. त्यांनी तातडीची सभा बोलावली. निरीक्षक पाऊण तास विजेच्या दाबावर बोलले. मुलीच्या भवितव्याबद्दल बोलताना त्यांचा आवाज भरून आला, आणि तो खरोखर भरून आला होता. कॅशियरना काही समजलं नाही, पण त्यांनी मान डोलावली. महिनाअखेरपर्यंतच नव्हे, तर पुढील निर्णय होईपर्यंत इमारतीत घरगुती कामासाठी जड मोटर चालवू नये, असा ठराव आला. शिवणयंत्राची मोटर मुठीएवढी असते हे कोणाच्या ध्यानात आलं नाही. सगळे हात वर झाले.

मागच्या खुर्चीवरून शिवणकाकूंनीही हात वर केला. "पोरीच्या नोकरीचा प्रश्न आहे," त्या म्हणाल्या. "मला काय, पायाने चालवता येतं."

मोटर बंद झाली आणि संगणक बंद पडत राहिला. निरीक्षकांनी घरच्यांना समजावलं, की तारांत मुरलेला परिणाम उतरायला वेळ लागतो. हे सांगताना त्यांनी मुलीकडे बघायचं टाळलं. बायको म्हणाली, "निरीक्षक, आता ते कार्ड दुकानात नेऊन दाखवा."

दुकानाने कंपनीच्या सेवा केंद्राकडे बोट दाखवलं. सेवा केंद्राने फोनवर सांगितलं, की तक्रार आधी संकेतस्थळावर नोंदवावी लागते. निरीक्षक म्हणाले, संगणक बंद पडतो हीच तक्रार आहे. त्यावर पलीकडून उत्तर आलं, की मग संगणक चालू असताना नोंदवा. मुलीने फोनवरून कशीबशी तक्रार नोंदवली, निरीक्षकांनी कार्ड काढलं, खोक्यात घातलं, पुन्हा अर्धी रजा टाकली आणि सेवा केंद्रातल्या रांगेत टोकन घेऊन बसले. मनातल्या मनात त्यांनी भाषण तयार केलं होतं. मीही तपासणी खात्यात आहे, असं त्यात दोनदा येत होतं.

त्यांचा नंबर लागला. काउंटरवर एक बाई होती. समोरच्या पाटीवरचं रोजच वाचत असल्यासारखं तिने म्हणून दाखवलं, "खोकं, बिल, मूळ वेष्टन. मूळ वेष्टन नसेल तर बदलून मिळत नाही."

निरीक्षक हसले. अशा प्रश्नाची ते वाटच बघत होते. नियम पाळणाऱ्या माणसाला नियमाची भीती नसते. त्यांच्या घरी नव्या वस्तूचं प्लास्टिक काढायची रीतच नव्हती. टीव्हीचा रिमोट पिशवीत होता. फ्रिजच्या दारावरची फिल्म कडांना पिवळी पडली होती, पण होती. घड्याळाची काच त्यांनी अजून उघडी बघितलेली नव्हती. वस्तू नवी राहायची असेल तर ती झाकलेलीच बरी, आणि संगणकाचं कार्ड तर किती नाजूक. म्हणून रांगेतल्या सगळ्यांना ऐकू जाईल अशा बेताने ते म्हणाले, "मूळ वेष्टन? ते तर मी अजून काढलेलंच नाही."

बाईने मान वर केली. "काढलेलं नाही म्हणजे?"

"म्हणजे आहे तसंच आहे. बघा ना."

"संगणकात बसवलंत तेव्हा काढलं असेल."

"तेव्हाही नाही. तेवढी काळजी घेतो आम्ही."

बाईने कार्ड खोक्यातून काढलं. वाकून बघितलं. दोन्ही पंख्यांवर एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत पारदर्शक फिल्म ताणून बसलेली होती. इतके दिवस पंखे तिच्याखाली जिवाच्या आकांताने फिरले होते आणि त्यांना चमचाभर हवा मिळाली नव्हती. उष्णतेने फिल्मच्या मधोमध फोड आले होते. तिने आतल्या माणसाला हाक मारली. त्याने बघितलं आणि आणखी एकाला बोलावलं. तिघंही हसले नाहीत. हसले असते तर निरीक्षकांना रागावता आलं असतं.

मग बाईने नखाने एक कोपरा उचलला आणि फिल्म ओढून काढली. चर्रर्र असा लांबलचक आवाज झाला. रांगेतली माणसं माना उंच करून बघत होती. फिल्मचा मऊ गोळा निरीक्षकांच्या हातात देऊन बाई सौम्यपणे म्हणाली, "हे काढायचं असतं."

भाषण राहूनच गेलं. निरीक्षक कानांच्या पाळ्यांपर्यंत तापले होते. बाहेर पडताना त्यांनी चुकून आत ओढायच्या दाराला बाहेर ढकललं, आणि रांगेतल्या एका म्हाताऱ्याने उठून त्यांना दार उघडून दिलं.

घरी येऊन त्यांनी कार्ड बसवलं. मुलीने काम लावलं. पंखे फिरले, संध्याकाळ झाली, दिवे लागले, संगणक चालूच होता.

"काय झालं होतं?" मुलीने विचारलं.

फिल्मचा गोळा खिशात होता. निरीक्षक म्हणाले, "आत काहीतरी होतं. काढलं त्यांनी."

तसं बघितलं तर यात खोटं काही नव्हतं. बायको म्हणाली, "आणि काकूंनी मोटर बंद केली त्याचाही फायदा झाला असेल." निरीक्षकांनी तोंडातला घास जरा जास्त वेळ चावला.

मुलीने चित्रफीत वेळेत पाठवली, पण वरचा मजला करायला तिला दिवस उरले नव्हते. तिने जिना वर नेला आणि जिन्याच्या टोकाला एक बंद दार लावून टाकलं. ती फीत सगळ्यांना दाखवली तेव्हा निरीक्षक त्या दाराकडेच बघत राहिले. ते दिवस कोणी खाल्ले होते हे त्या खोलीत फक्त त्यांना माहीत होतं. शरम अशी अंगभर पसरते हे त्यांना ठाऊक नव्हतं. तेही या वयात.

आणि वरून आवाज यायचाच. आता तो घर्रर्र नव्हता. खट, खट, खट, मग थांबायचं, मग पुन्हा खट, खट. थांबणं रोज लांबत होतं. पूर्वी मोटरच्या आवाजावर ते पाळत ठेवून होते, आता हा आवाज त्यांच्यावर पाळत ठेवत होता. ते टीव्हीचा आवाज वाढवायचे आणि त्यातूनही तो ऐकायचे.

"काकूंचा गुडघा केवढा सुजलाय," बायको एक दिवस म्हणाली. "एका शाळेचं काम परत पाठवलं म्हणे त्यांनी. झेपत नाही."

निरीक्षक उठले आणि तसेच वर गेले. काय बोलायचं ते जिन्यात ठरवलं होतं. दार उघडंच होतं. शिवणकाकू यंत्राला बसल्या होत्या, एक पाय स्टुलावर आणि एका पायाने पायटा हलवत. मोटर कोपऱ्यात फडक्यात गुंडाळून ठेवलेली होती.

"या भाऊ," त्या उठायला लागल्या. "पोरीचं काम गेलं ना वेळेत? मला बाई फार लागून राहिलं होतं. माझ्या मशीनपायी तिचे एवढे दिवस वाया गेले. तुम्ही बोललात म्हणून कळलं तरी, नाहीतर मी चालवतच बसले असते. माफ करा हं."

निरीक्षकांनी तोंड उघडलं. जिन्यात ठरवलेलं वाक्य तोंडाशी आलं होतं. पण त्यांचीच माफी मागितली जात होती, आणि माफी मागणाऱ्या माणसासमोर काय करायचं याची त्यांना एकच सवय होती. ते म्हणाले, "असू दे, असू दे." आणि खाली आले. खाली येऊन ते न्हाणीघरात गेले, नळ सोडला आणि बराच वेळ बाहेर आले नाहीत.

दुसऱ्या दिवशी त्यांनी सेक्रेटरींना गाठलं. "तो ठराव रद्द करून टाका."

"असा कसा रद्द करू? एकमताने झालाय. मागे घ्यायचा तर सभा हवी, मांडणारे तुम्ही हवे, आणि कारण हवं."

"कारण म्हणजे, परिस्थिती निवळली."

"कशी निवळली? 'निवळली' इतिवृत्तात जात नाही."

"तुम्हाला खाजगीत सांगितलं तर?"

"खाजगी असं काही नसतं," सेक्रेटरी म्हणाले. "बुधवारी सभा लावतो."

निरीक्षकांच्या मनात आलं, की आजारी पडावं. मनात आलं, की शिवणकाकूंना परस्पर सांगावं, लावा मोटर, कोणाला कळणार आहे. पण बाई ठराव मोडणार नव्हत्या हे त्यांना पक्कं माहीत होतं. वरची खटखट सभेपर्यंत चालूच राहिली आणि त्यांना आजारी पडता आलं नाही.

बुधवारी सगळे आले. मुलगीही आली होती, कारण तिला काकूंचे आभार मानायचे होते. निरीक्षक उभे राहिले. चष्मा नाकावर खाली आला होता, तो त्यांनी काढून हातात घेतला. त्यामुळे समोरचे चेहरे पुसट झाले, ते बरंच झालं.

"संगणक मोटरमुळे बंद पडत नव्हता," ते म्हणाले. "मी कार्डावरचं प्लास्टिक काढलं नव्हतं. पंख्यांना हवा मिळत नव्हती. बाकी काही नव्हतं. मुलीचं काही चुकलं नव्हतं आणि काकूंचंही नव्हतं. मला हे कळून बरेच दिवस झालेत."

सेक्रेटरींचं पेन तेवढं चालत होतं. "प्लास्टिक," ते पुटपुटले. "कोणतं म्हणालात?"

"पारदर्शक."

"आणि ते का काढलं नव्हतं?"

निरीक्षकांनी खूप विचार केला. "नवीन राहावं म्हणून," ते म्हणाले.

मागे कोणीतरी खोकलं. कॅशियरनी शेजारी बसलेल्या दातांच्या डॉक्टरांना हळूच विचारलं, की वॉशिंग मशीनच्या झाकणावरचंही काढायचं असतं का, आणि डॉक्टर म्हणाले, की आपण नंतर बोलू. मुलगी बापाकडे बघत होती. रागाने बघत होती की कसं, हे चष्म्याशिवाय निरीक्षकांना दिसलं नाही, आणि चष्मा लावायचा धीर झाला नाही.

ठराव मागे घेतला गेला. सगळे हात वर झाले. निरीक्षक खाली बसणार एवढ्यात शिवणकाकूंनी शाळेतल्या मुलीसारखा हात वर धरून ठेवला.

"भाऊ, मग आता मी मोटर लावली तर चालेल ना?"

निरीक्षक तसेच उभे राहिले. सभेत बाईने त्यांची परवानगी मागितली होती, स्वतःच्या घरातली मोटर लावायला. "काकू," ते म्हणाले, "हे मला विचारू नका."

आवाज मात्र खात्यातलाच निघाला. शिवणकाकूंनी हात खाली घेतला. "बरं," त्या म्हणाल्या. "मग राहू दे. नाही लावत."

मुलीने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. निरीक्षक खुर्च्यांच्या मधून, लोकांच्या पायांना धडकत, मागच्या रांगेपर्यंत गेले. शिवणकाकूंच्या पुढ्यात उभे राहिल्यावर त्यांना कळेना, हातांचं काय करायचं. शेवटी त्यांनी ते जोडले.

"लावा काकू. आजच लावा. माझं चुकलं. मला त्याच दिवशी वर येऊन सांगायला हवं होतं, नंतर एकदा मी आलोही होतो, आणि तुम्ही माफी मागितलीत ती मी घेऊन खाली गेलो." ते थांबले. एवढ्याने काही फिटत नव्हतं हे त्यांनाच दिसत होतं. "मोटर मी येऊन बसवून देतो. आत्ता येतो."

शिवणकाकू पटकन मागे सरकल्या. इतक्या दिवसांत या बाईने कोणाला कशाला नाही म्हटलेलं इमारतीत कोणी ऐकलं नव्हतं.

"नको भाऊ," त्या म्हणाल्या. "तुम्ही मशीनला हात नका लावू. मी माणूस बोलावीन."

आधी कॅशियर हसले, मग सगळी सभा हसली, आणि सगळ्यांत जास्त मुलगी हसली. निरीक्षक हात जोडूनच उभे होते. सेक्रेटरींनी मान वर न करता विचारलं, की माणूस बोलावण्याचं लिहायचं का, आणि निरीक्षक म्हणाले, "लिहा."